न गुंडाळलेली कॅसेट

इस्माईल, तुला माती देऊन आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुझ्या दुकानाच्या बंद फळ्यांपुढं चार कॅसेटी ठेवून गेलं होतं. कट्ट्यावर, पेपरात बांधून, वर सुतळीची गाठ. मी सोडून बघितल्या. चारही गुंडाळलेल्या, पार सुरुवातीपर्यंत. अख्ख्या उचगावाला तू पाच वर्षं घसा फोडून सांगितलंस की गुंडाळून आणू नका, पिक्चर जिथं बंद केला तिथंच टेप राहू द्या. पालथ्या घड्यावर पाणी. तू गेल्यावर लोकांना शिस्त सुचली, आणि तीही उलटी.

दुसऱ्या सगळ्या व्हिडिओ लायब्ररीवाल्यांच्या भिंतीवर पाटी असते, 'कॅसेट रिवाइंड करून आणावी'. तुझ्या भिंतीवर तू खडूनं लिहिलं होतंस, 'गुंडाळू नये'. लोक तुला येडा म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि मेलास म्हणून ते परत घेत नाही. गिऱ्हाईक आलं की तू कॅसेट ट्यूबलाईटपुढं धरायचास, तिच्या त्या एवढ्याशा खिडकीतून डाव्या चाकावर टेप किती उरली, उजव्यावर किती गेली ते बघायचास आणि निकाल द्यायचास. "पाटलांच्यात पाऊण तासात मेला." किंवा, "ह्यो पिक्चर हिरॉईनच्या बापापातूर जातो, म्होरं न्हाय जात." कोणता पिक्चर घरी बसून बघण्यासारखा आहे, हे ठरवायची तुझी ही रीत. लोकांनी तो कुठं टाकला ते बघायचं आणि त्यावरून त्याची लायकी काढायची. असली समीक्षा मी जन्मात ऐकली नव्हती.

मी तुला सांगून थकलो. अरे, टेप थांबते ती पिक्चर वाईट म्हणून नव्हे. दूध उतू जातं, पाहुणा येतो, लाईट जाते. म्हैस सुटली असेल कुणाची. त्यावर तू शांतपणे म्हणालास, "एका घरात म्हैस सुटंल, एडिटर. धा घरात एकाच जागी कशी सुटंल?"

उत्तर नसलं की मी जे करतो तेच केलं. म्हणालो, "तू डोअरकीपर होतास, डोअरकीपरच राहिलास." तू हसलास. तुझं ते हसणं मला नेहमीच चीड आणायचं. ज्याला घालून पाडून बोलावं त्यानं निदान तोंड तरी पाडावं.

पण होतासच तू डोअरकीपर. वीस वर्षं टॉकीजच्या दाराशी हातात बॅटरी घेऊन उभा. एकच पिक्चर दिवसातून तीनदा बघून कंटाळलास, तेव्हा पडद्याकडं पाठ करून माणसांकडं बघायला लागलास. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा, आणि कोण कुठं हसतो, कोण कुठं चुळबुळ करतो, कोण कुठं बिडी प्यायला उठतो, हे तुला पाठ झालं. पिक्चर तुला माणसांच्या तोंडावरूनच माहीत. मला हे कळलं तेव्हा मी म्हणालो होतो, म्हणजे जेवणाऱ्याचा ढेकर ऐकून तू भाजीची चव सांगणार. तू म्हणालास, "सांगतो की."

गुडघे गेले आणि तू टॉकीज सोडलीस. उचगावातल्या घराच्या पुढच्या खोलीत फळ्या ठोकून लायब्ररी काढलीस. तिथं तर तुझ्या चौकशांना ऊत आला. बिचारं गिऱ्हाईक विचारायचं, काय चांगलं आहे? तू उलट विचारायचास, घरात कोण कोण हाय? म्हातारी हाय का? जेवताना बघणार का जेवून? नवी सून आलीया का? इतकं तर डॉक्टरही विचारत नाही. आणि एवढं करून द्यायचास काय, तर तेच मारामारीचे, तेच हरवलेल्या भावांचे आणि सापडलेल्या आयांचे पिक्चर. दर रविवारी दुपारी मी सायकल मारत यायचो, तुझी दोनशे कॅसेटींची रास उपसायचो आणि नाक मुरडायचो. काही बघण्यासारखं आहे का रे या उकिरड्यात? तू एखादी काढून द्यायचास. मी ती घरी नेऊन जावयानं दुबईहून आणलेल्या व्हीसीआरवर बघायचो, आणि परत देताना हटकून गुंडाळून द्यायचो. मी कुठं कंटाळलो, आणि त्याहून म्हणजे कुठं कंटाळलो नाही, हे तुला कळू द्यायचं नव्हतं. सगळ्या गावात तुझी पाटी समजलेला मी एकटा, आणि मुद्दाम मोडणाराही मी एकटा.

हुपरीच्या आक्कांवरून तर मी तुला किती छळलं. त्या बसनं यायच्या, एकदम तीन कॅसेटी न्यायच्या. त्यांच्या घरी आठ-दहा बायका दिवसभर चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडत बसतात. डोळे कामावर, म्हणून पिक्चर बघायचा नाही, ऐकायचा. त्यांच्यासाठी तू निवडून निवडून बडबडे पिक्चर बाजूला काढून ठेवायचास, ज्यात सगळं बोलून दाखवलेलं असतं. मी म्हणालो, वा! उद्या आंधळ्यांसाठी आरसे विकायला घे. एवढ्या माणसांनी हाडं झिजवून सिनेमा केला तो काय ऐकायला? तू म्हणालास, "त्यांचा हात कुठं थांबतो त्ये बघावं, एडिटर. लई खरं माप हाय त्ये." मी तुला हात जोडले आणि सायकलवर टांग मारली.

आता तुझ्या-माझ्यातल्या त्या गोष्टीवर येतो. आलंच पाहिजे. अठरा वर्षं मी तिच्यावर तुला बोलू दिलं नाही, आणि आता तू बोलू शकत नाहीस म्हणून मी बोलतो. माझी मर्दुमकी एवढीच.

मी स्टुडिओत एडिटर होतो. फिल्म कापायची, चिकटवायची. एकट्याच्या नावावर लागलेला पिक्चर एकच. त्याचं नाव घेत नाही. लोकांनी घेतलं नाही, मी कशाला घेऊ? त्यात एक जागा होती. नवऱ्याला पोचवून आलेली बाई परड्यात येते. म्हैस तटतटलेली. बाई चरवी घेते, बसते आणि धार काढते. बस, एवढंच. तिथं वाजवायचं म्यूझिक भरायचं राहिलं होतं, आणि वाजवणारी मंडळी दुसऱ्याच्या कामावर निघून गेली होती. डायरेक्टर म्हणाला, मागच्या सीनमधली रडकी सनई आहे, तीच लाव चिकटवून. म्हणाला आणि पुढच्या पिक्चरच्या मुहूर्ताला पळाला. माझं डोकं फिरलं. शिळं मी चिकटवत नाही, म्हणालो. आणि ती जागा तशीच मोकळी सोडली. दीड मिनिट, आवाज म्हणून नाही. कला वगैरे काही नव्हती त्यात. राग होता नुसता.

पहिल्या खेळाला मी मागं, तुझ्या दाराजवळ उभा होतो. बाई बसली, आवाज गेला, आणि पुढच्या रांगांतून गलका उठला. "ए, आवाज! आवाज कर की रं!" शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. मी दारावरचा पडदा बाजूला सारून बाहेर पडायला लागलो, तर एका धिप्पाड डोअरकीपरनं माझी बाही धरली. "पावणं, पिक्चर संपला न्हाय अजून." मी तुझ्या आईवरून काहीतरी बोललो आणि निघून गेलो. आपली ओळख ती अशी.

पिक्चर आठवड्यात उतरला. डायरेक्टरनं कोल्हापूरभर सांगितलं, एडिटर आवाज लावायचा विसरला. मग मला कुणी बोलावलं नाही. पुढची सगळी वर्षं मी एका फोटोवाल्याकडं बोहल्यावरच्या घामट जोड्यांना 'जरा हसा' म्हणण्यात काढली. तिथंच एकदा तू फोटो काढायला आलास, मला बघून खुर्चीतून उठलास आणि म्हणालास, "त्या दिवशी अर्ध्यात गेलेलं पावणं तुम्हीच न्हवं? तुम्ही गेल्यावर काय झालं सांगू का?"

मी म्हणालो, "नको. सरळ बसा, मान खाली."

त्यानंतर तू ते किती वेळा विचारलंस, इस्माईल? तुम्हीचा तू झाला, मी एडिटर झालो, पोरींची लग्नं झाली, तुझी दाढी पांढरी झाली. दर दोन-चार महिन्यांनी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "तू गेल्यावर काय झालं सांगू का?" आणि दर वेळी मी नको. मला ठाऊक होतं काय झालं ते. खुर्च्या मोडल्या असतील, आणखी काय होणार? त्यातून तू पडलास मायाळू. गोड करून सांगितलं असतंस. मला तुझी कीव नको होती. लोकांनी हेटाळणी केली ती एक वेळ सोसेन, पण डोअरकीपरनं पाठीवर हात फिरवावा हे सोसलं नसतं. इतका मी नाकानं कांदे सोलणारा.

आणि मग तू पुण्याहून त्या पिक्चरची कॅसेट शोधून आणलीस. असल्या पिक्चरचीही कुणीतरी कॅसेट काढतं, यावरूनच या धंद्याची अक्कल दिसते. माझ्यापुढं धरलीस. "घे. बघ." मी म्हणालो, यापेक्षा मी परक्याच्या लग्नाचा व्हिडिओ बघेन. तू ती वेगळ्या फळीवर ठेवलीस. वर्षभर तिथंच होती. कुणी नेलीच नाही, म्हणून कुणी अर्ध्यात टाकलीही नाही. तुझ्या मापानं तो पिक्चर अजून जिवंत होता म्हणायचा.

शेवटच्या रविवारी तू पुन्हा तीच कॅसेट काढलीस आणि मी चिडलो. फार चिडलो. म्हणालो, "तू जन्मभर माणसांकडं बघितलंस, पिक्चरकडं कधी बघितलं नाहीस. तुझ्या मताला काडीची किंमत नाही." तू हसला नाहीस या वेळी. म्हणालास, "आणि तू पिक्चरकडं बघत बसलास. माणसांकडं कवा बघितलंस?" भाभी चहा घेऊन आल्या होत्या. मी तसाच उठलो. चहा तसाच राहिला. शुक्रवारी तू गेलास. त्या चहाचं मला वाईट वाटतं, इस्माईल. हे एक सरळ सांगून टाकतो, कारण पुढं सांगायची हिंमत राहील असं नाही.

तुझी शोकसभा झाली ती बघायला हवी होतीस. रसिक म्हणवणारी पंधरा-वीस माणसं. एकानं सांगितलं की इस्माईलभाईंनी घरोघरी मनोरंजनाची गंगा नेली. त्याच्या घरी गणपतीपासून तुझ्या दोन कॅसेटी पडून आहेत, गंगा तिथंच तुंबली आहे. दुसरा म्हणाला, ते उत्तम समीक्षक होते. तू हयात असताना हाच तुला बॅटरीवाला म्हणायचा. मीही म्हणायचो, पण तोंडावर म्हणायचो. मला बोला म्हणाले. मी नाही बोललो. मला एकट्याला बोलायचं होतं, म्हणून हे लिहितोय.

तिथून भाभींना भेटायला गेलो. त्यांनी आतून ती कॅसेट आणून हातात दिली. "भाऊजी, ही तुमच्यासाठी ठेवलीया. गुंडाळू नका म्हणालेत. हाय तशी लावायची." बुधवारी म्हणे तू स्वतः बस धरून हुपरीला आक्कांकडं गेला होतास, ती गुडघ्यांची खुळखुळणारी जोडी घेऊन. आल्यावर म्हणालास, "आता एडिटरला काय सांगायची गरज न्हाय."

घरी येऊन लावली. प्ले दाबलं. परडं. म्हैस. बाई चरवी घेऊन बसलेली. आवाज नाही.

तुला शिव्या दिल्या मी, मेलेल्या माणसाला. बायको आतून धावत आली. मला वाटलं, जाता जाता तू बोट ठेवून गेलास. हीच ती जागा, इथंच तू पळालास, घे, पुन्हा बघ. अठरा वर्षं कप खाली ठेवत जे सांगायचं होतंस ते हेच, आणि मला तोंड उघडू देणार नाहीस अशा वेळी सांगितलंस. मी कॅसेट काढून पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी हुपरीची बस धरली. आक्कांना जाब विचारायचा होता. तू काय काय सांगून माझी शोभा केलीस, ते ऐकायचं होतं.

आक्का म्हणजे साठीची बाई, चष्मा दोरीनं बांधलेला, समोर कड्यांची परात. ओळख सांगितली तर हात न थांबवता म्हणाल्या, "या की. बसा. भाई गेलं म्हणं. लई वंगाळ झालं." आणि मी काही विचारायच्या आत, "पर अर्ध्यातच नेला की वं पिक्चर! म्होरं काय झालं त्या बाईचं?"

मी विचारलं, अर्ध्यात का नेला?

"काय म्हाईत बाबा. टीव्हीकडं पाठ करून बसलंतं भाई. आमच्याकडंच बघाय लागलंतं. आमचं आपलं चाललंय काम. पिक्चर बोलतोय, आम्ही ऐकतोय. आणि मधीच आवाज गेला. आमास्नी वाटलं, टीव्ही बिघाडला. म्हणून समद्यांनी माना वर केल्या, तर चित्र चालूच की. बाई धार काढाय लागलीया." आक्कांचा हात इथं थांबला. "मग कुणी काय बोललं न्हाय. ज्येच्या हातात जी कडी हुती ती तशीच. आमचं मालक गेलं त्या दिशी मी बी सांजच्याला भट्टी पेटवली हुती, पावणं. काम काय थांबतंय व्हय? तवाबी असंच काय ऐकू येत न्हवतं मला."

त्याच पुढं म्हणाल्या, "भाईनं तितंच बटण दाबलं. म्हणालं, टॉकीजात बी अस्संच झालतं. आदी वरडली माणसं, मग गप झाली. समदी टॉकीज गप. म्हणालं, वीस वर्सं दारात हुबा हुतो, पर माणसं अशी गप बसल्याली कवा बघितली न्हाईत. एकच माणूस तेवढा उठून भाईर गेला. ज्येनं केलतं त्योच."

सांगायचं होतंस ते हे होतं तर. आणि मी दर वेळी नको म्हणत आलो.

"कॅसेट आणलीया न्हवं?" आक्कांनी विचारलं. "लावा की मग."

थोडी मागं घेऊन लावली. आणि इस्माईल, मी टीव्हीकडं पाठ करून बसलो. नऊ बायका, समोर परात, चिमट्यांचा कटकट आवाज. मागं पिक्चर बोलत होता, मला पाठ होतं काय काय बोलतोय ते. मग आवाज गेला. एक मान वर आली, मग दुसरी, मग सगळ्याच. चिमटे थांबले. टीव्हीचा उजेड त्यांच्या तोंडावर होता. दीड मिनिट मी नऊ बायकांची तोंडं बघत बसलो, आणि मला रडू आलं. त्यांना वाटलं, मी तुझ्यासाठी रडतोय. तेही होतंच.

पुढचा पिक्चर, खरं सांगतो, भिकार आहे. अर्ध्या तासात तीन योगायोग, आणि शेवटी सावकाराला पश्चात्ताप. बायकांनी पुन्हा कड्या हातात घेतल्या. माझंही अंग आखडलं, चहा आला, गार झाला. पण मी उठलो नाही.

कॅसेट काल भाभींकडं परत दिली, वेगळ्या फळीवर ठेवायला सांगून. खिडकीतून बघितलंस तर दिसेल, सगळी टेप उजव्या चाकावर आहे. मी गुंडाळलेली नाही.